सांगलीत मरीन मासा आणताना: बॅगेतलं पाणी आणि टँकमधलं पाणी

दादर-माहीमचा माणूस दुपारी क्लाउनफिश, म्हणजे समुद्रातला शोभेचा मासा, विकत घेतो आणि तासाभरात घरच्या टँकपाशी पोचतो. सांगलीकराचा मासा मुंबईत संध्याकाळी बॅगेत भरतात. रात्रभर तो ट्रॅव्हल्सच्या डिकीत नाहीतर महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या सीटखाली असतो आणि उजाडता उजाडता पेठ नाक्यावर किंवा स्टेशनवर उतरतो. घरी येऊन बॅग सोडेपर्यंत बारा-चौदा तास झालेले असतात. साताऱ्यात वाढे फाट्यावर उतरवून घेतला तरी आठ-दहा तास कुठे गेले नाहीत. व्हिडिओत दाखवतात ती तास-दीड तासाची ड्रिप, म्हणजे बारीक नळीनं टँकचं पाणी थेंब थेंब बॅगेतल्या पाण्यात सोडणं, त्या दादरवाल्याच्या सोयीची आहे. आपण तीच केली तर रात्रभर प्रवासात तगलेला मासा सकाळी घरच्या बादलीत मरतो, आणि शिव्या दुकानदाराला बसतात.

आमचं मत सरळ आहे. इथल्या मरीनवाल्यानं माशांसाठी ड्रिपची नळी वापरूच नये. मासा तिकडून निघायच्या आदल्या दिवशी आपल्या क्वारंटाइन टँकचा, म्हणजे नवा मासा आधी वेगळा ठेवायच्या टँकचा, खारेपणा दुकानाच्या पाण्याइतका करून ठेवावा. मासा आला की तापमान जुळवायचं आणि सोडायचा. खारेपणा वाढवायचं काम पुढच्या आठवड्यात, सावकाश.

बॅगेत रात्रभर काय होतं

बंद बॅगेत मासा श्वास घेत राहतो. ऑक्सिजन कमी होतो, कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरतो आणि पीएच खाली येतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो. रात्रभराच्या बॅगेत तो सातपर्यंत, कधी त्याच्याही खाली गेलेला सापडतो. त्याच वेळी मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकत असतो. मात्र पीएच कमी असला की हा अमोनिया जवळजवळ सगळा अमोनियम या कमी घातक रूपात राहतो. म्हणजे बॅगेत विष साठतं आणि त्याला दाबून धरणारा कार्बन डायऑक्साइडही साठतो. म्हणून मासा तगतो.

बॅगेचं रबर काढलं की हे गणित फिरतं. कार्बन डायऑक्साइड उडून जायला लागतो, पीएच चढतो, आणि अमोनियमचा पुन्हा विषारी अमोनिया होतो. पीएच एक अंकानं चढला की विषारी भाग साधारण दहापट. आता त्यावर ड्रिप लावा. टँकचं ८.२ चं पाणी थेंब थेंब पडून बादलीतलं पाणी दुप्पट झालं तर एकूण अमोनिया निम्मा होतो, पण पीएच सातवरून आठवर गेल्यानं विषारी भाग दहापट होतो. निम्म्याच्या फायद्यासाठी दहापटीचा तोटा, आणि मासा त्यात तासभर. वर कुणी काळजीपोटी बादलीत एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडला तर कार्बन डायऑक्साइड आणखी भराभर निघून जातो. उघडलेल्या बॅगेत हवा सोडायची नाही, हे ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच आहे.

अमोनियानं भाजलेला मासा ओळखू येतो. तोंड उघडं, कल्ले भात्यासारखे चाललेले, कल्ल्यांच्या कडा लालभडक, आणि मासा पृष्ठभागाशी तरी लटकलेला असतो नाहीतर तळाशी आडवा. त्यातून काही वाचतात, पण कल्ल्यांना झालेली इजा भरून यायला दिवस लागतात आणि रोग तेवढ्यात गाठतो.

खारेपणाचं दुखणं उशिरा बोलतं

बऱ्याच दुकानांत माशांच्या टाक्या १.०१८ ते १.०२० एसजीवर (विशिष्ट गुरुत्व, म्हणजे खारेपणाचं माप) ठेवलेल्या असतात. त्यात लबाडी नाही. मीठ महाग आहे, आणि कमी खारेपणात परजीवी थोडे दबून राहतात. आपला रीफ टँक, म्हणजे प्रवाळाचा मोठा टँक, मात्र १.०२५ वर असतो.

समुद्रातला मासा मुळातच सतत सुकत असतो. बाहेरचं पाणी त्याच्या रक्तापेक्षा खारट, त्यामुळे अंगातलं पाणी कातडीतून आणि कल्ल्यांतून बाहेर ओढलं जातं. ते भरून काढायला तो खारं पाणी पितो, आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींकडून बाहेर टाकतो. खारेपणा एकदम वाढला तर या पेशींना कामाचा वेग वाढवायला दिवस लागतात, तास पुरत नाहीत. १.०१९ मधून १.०२५ मध्ये घातलेला मासा पहिल्या दिवशी ठीक दिसतो, कधी खातोही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही खूण न दाखवता मेलेला सापडतो. तोवर आपण खाद्य बदललेलं असतं किंवा पावरहेड (पाणी फिरवणारा पंप) हलवलेला असतो, आणि संशय भलत्यावरच जातो.

उलट्या दिशेला, म्हणजे जास्त खाऱ्यातून कमी खाऱ्यात, बहुतेक मासे चार-पाच पॉइंटचा फरक एका झटक्यात सोसतात. म्हणून नियम असा: क्वारंटाइन टँक बॅगेइतक्या एसजीवर किंवा त्याहून एखादा पॉइंट खाली ठेवायचा, वर कधीच नाही. पॉइंट म्हणजे ०.००१.

बुकिंगच्या वेळीच विचारायचं, "दादा, तुमच्या सिस्टीमचा एसजी किती ठेवलाय?" उत्तर बहुतेक वेळा "नॉर्मल आहे भाऊ" असं येतं. नॉर्मल हा आकडा नव्हे. रिफ्रॅक्टोमीटरच्या (थेंबावरून खारेपणा दाखवणारं साधन) भिंगातून मोबाईलनं फोटो काढून पाठवायला सांगा. चांगला विक्रेता पाठवतो. त्याच वेळी मासा खातानाचा व्हिडिओ मागा आणि तो दुकानात किती दिवस झाला तेही विचारा. कालच आलेला मासा परवा पुन्हा बॅगेत भरणं म्हणजे त्याचे हाल. सात-दहा दिवस दुकानात राहून खायला लागलेलाच घ्यावा. पोट आत गेलेला, डोक्यामागे पाठ खपाटीला गेलेली असेल तर स्वस्त मिळाला तरी नको. पहिलाच मासा असेल तर हॅचरीतला क्लाउन बरा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं तमिळनाडूतल्या मंडपमला क्लाउनची पैदास केव्हाच जमवली आहे, आणि पैदाशीचे क्लाउन पहिल्यापासून गोळीखाद्य खातात, बॅगेचा ताणही त्यामानानं बरा सोसतात. यादीत कुणी समुद्रघोडा किंवा आपल्या किनाऱ्यावरचं प्रवाळ देऊ केलं तर फोन ठेवा. दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत.

पाणी आधी

क्वारंटाइनला पन्नास लिटरचा साधा काचेचा टँक पुरतो. तळात वाळू नाही, दगड नाही. लपायला दीड-दोन इंची पीव्हीसी एल्बो आणि टी, हार्डवेअरच्या दुकानातून आणून गरम पाण्यानं घासून घेतलेले. १०० वॅटचा हीटर, स्पंज फिल्टर, मंद दिवा आणि वरून जाळीचं झाकण. झाकण विसरू नका. फायरफिश आणि रास रात्री उडी मारून फरशीवर सुकलेले सापडतात, हीटरच्या वायरीसाठी ठेवलेली बोटभर फटही त्यांना पुरते. रास जातीचा मासा वाळूत शिरून झोपतो, तेव्हा त्याच्यासाठी आइस्क्रीमच्या डब्यात चार बोटं बारीक वाळू ठेवायची. वाळू डब्यातच राहते, टँक साफ करायला सोपा.

स्पंज आयत्या वेळी कोरा घालून चालत नाही. अमोनिया पचवणारे जिवाणू त्याच्यात बसायला तीन-चार आठवडे लागतात. दोन स्पंज कायम मोठ्या टँकच्या संपमध्ये, म्हणजे खालच्या फिल्टरच्या टाकीत, पडू द्यावेत. मासा ठरला की एक उचलून इकडे लावायचा.

पाणी आरओचं, आणि विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्याच्या जवळ. इथे दोन ठिकाणी फसगत होते. स्वयंपाकघरातल्या आरओला टीडीएस कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. २० लिटरचे जार देणाऱ्या प्लांटचंही तेच. उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनचा एक डबा पुढे जोडला की काम भागतं. बोअरचं पाणी वापरू नका. वाळवा-पलूस-मिरज भागातल्या क्षारपड जमिनीतलं पाणी जिभेला खारट लागतं, म्हणून "मरीनला हेच बरं" असा विनोद नेहमी कानावर येतो. पण त्यातले क्षार समुद्राचे नव्हेत, आणि नायट्रेट वेगळं. आंबा घाटातून नाहीतर कुंभार्ली उतरून कोकणातून ड्रमनं समुद्राचं पाणी आणणारेही आहेत. खाडीच्या तोंडापासून दूरचं, उन्हाळ्यातलं पाणी चांगलं असतं. पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी नद्यांनी पातळ आणि गढूळ होतं. पन्नास लिटरसाठी एवढा घाट उतरायचा की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

मीठ मरीन सॉल्टच हवं. १.०२५ साठी लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम लागतं, ब्रँडप्रमाणे थोडं इकडेतिकडे. २० लिटरच्या जारला ७०० ते ७६० ग्रॅम धरा. बादलीत आधी पाणी, मग मीठ. कोरड्या मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियम खाली पांढरं बसतं आणि परत विरघळत नाही. लहान पावरहेड आणि हीटर लावून २४ तास फिरू द्या, मग मोजा.

मोजण्याचं साधन हा सगळ्यात कच्चा दुवा. काट्याचा प्लास्टिक हायड्रोमीटर एका बुडबुड्यानं दोन-तीन पॉइंट चुकतो. रिफ्रॅक्टोमीटर बरा, पण तो आरओच्या पाण्यावर शून्याला लावला म्हणजे ३५ पीपीटीलाही (हजार भागांत ३५ भाग मीठ) बरोबर दाखवेल असं नाही. स्वस्त मालात वरच्या टोकाला फरक पडतोच. ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन द्रावण विकत मिळतं. घरीही होतं: प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातलं शुद्ध सोडियम क्लोराइड ३६.५ ग्रॅम आणि आरओ पाणी ९६३.५ ग्रॅम. दोन्ही वजनं काट्यावर करा, पाणी मापट्यानं घेऊ नका. हे द्रावण भिंगावर ठेवलं की रेघ ३५ वर आली पाहिजे, नसेल तर स्क्रू फिरवून आणा. थेंब टाकल्यावर अर्धा मिनिट थांबून मग बघायचं, काच आणि थेंब एका तापमानाला येऊ द्यायचे.

आता टँक खाली आणायचा हिशेब. दशांशानंतरचे शेवटचे दोन आकडे घ्या. १.०२५ वरून १.०२० वर यायचं तर पंचवीसातले पाच भाग, म्हणजे पाचवा हिस्सा पाणी काढून तेवढं आरओ घालायचं. ५० लिटरमध्ये १० लिटर. एवढं सोपं आहे. मासा तिकडून निघायच्या आदल्या दिवशी हे उरकून टाका, आणि १.०२५ चं एक बादली पाणी व आरओचा एक जार टँकच्या तापमानाला शेजारी तयार ठेवा. सकाळी लागतात.

पॅकिंग आणि रात्रीचा प्रवास

भरण्याआधी मासा २४ तास उपाशी असावा; पोटात काही नसेल तर बॅगेत घाण कमी. बॅग दुहेरी, तळाचे दोन्ही कोपरे रबरानं बांधलेले, नाहीतर लहान मासा कोपऱ्याच्या घडीत अडकून गुदमरतो. एक हिस्सा पाणी, दोन हिस्से ऑक्सिजन. पाणी जास्त म्हणजे मासा सुखी असं नाही; लांबच्या प्रवासात ऑक्सिजनलाच जास्त जागा लागते. एका बॅगेत एकच मासा. थर्माकोलच्या बॉक्समध्ये बॅग आडवी झोपवली तर पाण्याचा पृष्ठभाग वाढतो आणि ऑक्सिजन जास्त मुरतो. झाकण टेपनं बंद करा. अंधारात मासा शांत राहतो आणि कमी श्वास घेतो.

घाटावरच्यांनी एक गोष्ट आवर्जून सांगावी: बॅग ढोलासारखी ताणून भरू नका. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर आहे. मुंबईत भरलेल्या बॅगेतली हवा इथे आठ-नऊ टक्क्यांनी फुगते, आणि आधीच टच्च भरलेल्या बॅगेचं रबर खंबाटकीत सुटतं. इथे पोचल्यावर बॅग जरा फुगलेली दिसली तर घाबरू नका, ती फुगणारच.

एप्रिल-मे टाळता आला तर टाळावा. सांगलीत पारा चाळिशीला टेकतो आणि बसची डिकी इंजिनच्या शेजारी असते. आणायचाच असेल तर बॉक्समध्ये गोठवलेली अर्ध्या लिटरची बाटली वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळून ठेवायला सांगा, बॅगेला चिकटून नको. डिसेंबर-जानेवारीत साताऱ्याची पहाट बोचरी असते. तिथे त्याच पद्धतीनं कोमट पाण्याची बाटली. पावसाळ्यात कृष्णा-कोयनेचं पाणी चढलं असेल तर पार्सल पुढच्या आठवड्यावर ढकला. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरजवळ हायवे कित्येक दिवस बंद होता, आणि बॅगेतल्या माशाला एवढे दिवस नसतात.

मासा घरी आल्यावर

खोलीतला आणि टँकचा दिवा बंद करून मगच बॉक्स उघडा. अंधारातून एकदम उजेडात आलेला मासा बॅगेत धडका घेतो. बॅग बाहेरून आरओच्या पाण्यानं धुऊन घ्या, ती डिकीतून आली आहे. मग न उघडता क्वारंटाइन टँकमध्ये पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा. फरक चार-पाच अंशांचा असेल तर अर्धा तास. बॅग बंद आहे तोवर आतलं गणित स्थिर आहे, त्यामुळे इथे दहा मिनिटं जास्त गेली तरी बिघडत नाही. हिवाळ्यात टँकचा हीटर आदल्या रात्री २४ अंशांवर ठेवला तर उडी लहान होते, मग दोन दिवसांत २६ वर न्यायचा.

बॅग उघडायच्या आधी सगळं हाताशी हवं: रिफ्रॅक्टोमीटर पुसून, ड्रॉपर, मोठं पसरट टब, भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा, आरओचा जार. कारण इथून पुढे पाच मिनिटांचं काम आहे.

रबर कापा. ड्रॉपरनं दोन थेंब घेऊन एसजी बघा. विक्रेत्यानं सांगितल्याइतका किंवा त्याहून जास्त आला तर पुढे चला. कमी आला, समजा टँक १.०२० आणि बॅग १.०१८, तरी एक-दोन पॉइंट बहुतेक मासे सोसतात. त्याहून मोठा फरक असेल तर टँकमधून मगभर मगभर पाणी काढून आरओ घाला, त्यासाठीच तो जार आहे. ५० लिटरच्या टँकमध्ये एक पॉइंट उतरवायला साधारण अडीच लिटर. एवढ्या वेळात धीर होत नसेल तर बॅगेतल्या लिटरभर पाण्याला सीकेम प्राइमचे एक-दोन थेंब टाकावेत, ते अमोनिया बांधून ठेवतं असं कंपनी सांगते. पण त्या टँकमध्ये कॉपरचं (तांब्याचं) औषध चालू असेल किंवा लगेच करायचं असेल तर प्राइम तिथे जाता कामा नये. दोन्ही एकत्र आले की कॉपर माशाला जास्त विषारी होतं.

मग बॅग अलगद टबात रिकामी करा, मासा डब्यात धरा, भोकांतून पाणी निथळू द्या, आणि डबा टँकमध्ये तिरका करा. दुकानाचं पाणी सगळं मोरीत. त्यात परजीवी असतात, कधी कॉपर असतं, आणि अमोनिया तर असतोच.

जाळी शक्यतो नको. एंजलफिशच्या गालावरचा काटा आणि टँगच्या शेपटीजवळचं पातं जाळीत अडकतं. अडकलंच तर ओढू नका, पाण्याखाली धरून कात्रीनं जाळी कापा. जाळी स्वस्त आहे. पफर आणि पॉर्क्युपाइन कधीच पाण्याबाहेर उचलायचे नाहीत. ते हवा गिळून फुगतात आणि ती हवा बाहेर टाकता आली नाही तर उलटे तरंगून मरतात. त्यांना डब्यात पाण्यासकट घ्यायचं, दुकानाचं थोडं पाणी टँकमध्ये गेलं तरी चालेल. लायनफिश किंवा रॅबिटफिशचा काटा लागला तर तो हात सोसवेल तितक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा आणि डॉक्टरांकडे जायचं.

कोळंबी, गोगलगाय, स्टारफिश यांचं मात्र उलटं आहे. खारेपणातला बारीक बदलही त्यांना सोसत नाही, कमी झालेलाही नाही. त्यांना ड्रिपच लावायची, सेकंदाला दोन-तीन थेंब, तास ते दोन तास. आणि कॉपरच्या टँकमध्ये त्यांना कधीही घालायचं नाही.

पहिले तीन दिवस

त्या दिवशी दिवा नाही, खाद्य नाही, टँकसमोर खुर्ची टाकून बसणंही नाही. घरातल्या पोरांना दुसऱ्या दिवशी दाखवा. क्लाउन कोपऱ्यात पृष्ठभागाशी तिरका होऊन डुलतो, ते त्याचं झोपणं आहे. टँगचा रंग उडून अंगावर ठिपके-पट्टे दिसतात, ते भीतीचे. रॉयल ग्रामा एल्बोच्या छताला उलटा टेकून बसतो. रास दोन-तीन दिवस वाळूच्या डब्याबाहेर येत नाही. वाळू उपसून बघू नका.

खाद्य दुसऱ्या दिवशी, चिमूटभर. गोठवलेला मायसिस किंवा ब्राइन श्रिंप (कोळंबीसारखे बारीक जीव) विरघळवून, पाणी गाळून. न मिळाल्यास मासळी बाजारातली ताजी समुद्री कोळंबी सोलून, आरओच्या पाण्यात धुऊन, मोहरीएवढी बारीक करून. दहा मिनिटांत खाल्लं नाही ते पाइपनं ओढून काढा. पन्नास लिटरमध्ये एक कुजलेला तुकडा पुरेसा असतो. अमोनिया रोज मोजा, पहिला आठवडा चुकवू नका. वाढलेला दिसला तर एक-तृतीयांश पाणी बदला, त्याच एसजीचं.

वीज हा आपल्याकडचा वेगळा विषय. महावितरणनं दोन तास घेतले तर हीटर बंद राहिला तरी चालतं, हवा बंद राहिलेली चालत नाही. बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एअर पंप स्पंज फिल्टरला जोडून ठेवा. इन्व्हर्टरवर हीटर लावू नये, बॅटरी तासाभरात बसते आणि मग पंपही जातो.

मासा खायला लागला की खारेपणा वर न्यायला सुरुवात. दिवसाला एक पॉइंट. ५० लिटरमध्ये एक पॉइंटला सुमारे ७० ते ७६ ग्रॅम मीठ लागतं. टँकचंच चार-पाच लिटर पाणी बादलीत घेऊन त्यात मीठ पूर्ण विरघळवा, अर्धा तास हवा सोडा, आणि मगानं दहा-पंधरा मिनिटांत थोडं थोडं परत घाला. मिठाचे खडे थेट टँकमध्ये टाकले तर मासा त्यांनाही तोंड लावतो. उन्हाळ्यात बाष्पीभवनानं एसजी आपोआप चढतो, म्हणून मीठ घालायच्या आधी रोज मोजायचंच. पाच-सहा दिवसांत १.०२५.

रोग कधी दिसतात

पहिल्या दोन ते पाच दिवसांत मासा पावरहेडच्या झोतात तोंड खुपसून राहत असेल, श्वास भराभर, खाणं बंद आणि अंगावर तिरक्या उजेडात पिठासारखी धूळ, तर वेल्वेट समजा. हा तासांचा खेळ आहे, उद्यावर ढकलू नका. मीठ शिंपडल्यासारखे मोजता येणारे दाणे, आज दिसले, परवा गेले, आठवड्यानं दुप्पट आले, तर तो इक. दाणे गेले म्हणजे बरा झाला असं नाही, परजीवी तळाशी जाऊन फुटायची वाट बघतो. क्लाउनच्या अंगावरून शेंबडासारखे पापुद्रे सुटत असतील तर ब्रूकलिनेला. त्याला कॉपर लागू पडत नाही, फॉर्मेलिन लागतं.

इक आणि वेल्वेटला कॉपर. चिलेटेड प्रकारचं, कॉपर पॉवरसारखं, २.५ पीपीएमवर सलग ३० दिवस. मासा खातोय हे बघून दोन-चार दिवसांत चढवायचं. वेल्वेटला मात्र एवढी सवड नसते, तिथे चोवीस तासांत पूर्ण पातळी गाठायची. मोजायला डिजिटल हॅना चेकर घ्या. रंग जुळवायच्या किटवर अंदाज बांधला तर कमी पडून रोग राहतो नाहीतर जास्त होऊन मासा जातो. स्पंज सोडून काहीही सच्छिद्र त्या टँकमध्ये नको, दगड आणि वाळू कॉपर शोषतात. राससाठी ठेवलेला वाळूचा डबा असेल तर रोज मोजावं लागेल.

काही दिसलं नाही तरी चार ते सहा आठवडे मासा क्वारंटाइनमध्येच. अनेकांना हे जास्त वाटतं. मोठ्या टँकमध्ये इक शिरला की सगळे मासे बाहेर काढून तो टँक माशांविना ७६ दिवस रिकामा ठेवायची हौशी लोकांची रीत आहे, आणि दगडांतून आठ मासे पकडणं काय असतं ते ज्यानं केलंय त्याला सहा आठवडे कमीच वाटतात.

मोठ्या टँकमध्ये

आता एसजी, तापमान दोन्हीकडे एकच आहे, बॅगही नाही आणि अमोनियाही नाही. उरला प्रश्न आधीच्या माशांचा. डॅमसेल, डॉटीबॅक आणि टँग नवा मासा दिसताच अंगावर जातात, खास करून तो त्यांच्याच आकाराचा-रंगाचा असेल तर. पारदर्शक प्लास्टिकचा मोठा डबा घ्या, सोल्डरिंग आयर्ननं चहूबाजूंनी भोकं पाडा, कडा घासून धारा मोडा, आणि टँकच्या कडेला झाकणासकट अडकवा. नवा मासा त्यात तीन ते सात दिवस. आत त्याला वेगळं खायला मिळतं, बाहेरचे डब्यावर डोकं आपटून कंटाळतात. डब्यासमोर सतत गस्त घालणारा एखादा असेल तर दोन-तीन दगड हलवा. त्याचीही हद्द मोडली की त्याला स्वतःचीच जागा शोधत फिरावं लागतं.

गस्त थांबली की दिवे बंद झाल्यावर अर्ध्या तासानं झाकण काढा आणि डबा आडवा करून दगडाला टेकवून ठेवा. हातानं बाहेर काढू नका. बहुतेक मासे रात्रीतून आपणहून निघून एखाद्या खबदाडात शिरतात, आणि सकाळी दिवे लागायच्या आधी रिकामा डबा उचलून घ्यायचा.